डाव्या सीटवरचे सर

"सोडा क्लच. सावकाश. सावकाश... अहो बाई, क्लच सोडायचा असतो, झटकायचा नसतो."

बाईंनी झटकलाच. गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

"सर, तो शिव्या देतोय."

"देऊ दे. शिव्यांनी पत्रा चेपत नाही. चावी फिरवा. क्लच दाबा, पहिला टाका. आणि त्या स्टिअरिंगचा गळा आवळू नका, त्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

बाई एका शाळेत गाणं शिकवत. त्या ओरडल्या तरी सुरात ओरडत, त्यामुळे त्या घाबरल्यात की त्यांचा रियाज चाललाय, हे कळायला सरांना पहिला आठवडा लागला होता. बाकी विद्यार्थिनी गुणी होती. फक्त ब्रेक दाबत नसे. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्यामुळे डावीकडच्या माणसाला जगाची भीती वाटत नाही आणि उजवीकडच्याला ब्रेकची आठवण राहत नाही.

डावीकडच्या माणसाला सगळे 'सावकाश सर' म्हणत. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते पहिल्याच दिवशी सांगत: "मी हात करीन तिकडं वळायचं. का, ते विचारायचं नाही. का ते घरी जाऊन विचारायचं."

गाडी सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये रांगू लागली. सर म्हणाले, "सावका..." आणि थांबले. त्यांनी मान डावीकडे वळवली, डावा हात उचलला आणि फुटपाथच्या दिशेने झटकला. पुन्हा झटकला. तिसऱ्यांदा जरा रागाने झटकला, असं बाईंना वाटलं. तिकडे वळायला रस्ता नव्हता. पण का, ते विचारायचं नव्हतं. बाईंनी निमूटपणे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी फुटपाथवर चढली आणि फर्निचरवाल्याने बाहेर मांडलेल्या तीन माणसांच्या सोफ्याला जाऊन टेकली. तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून ब्रेक दाबला, आणि फार छान दाबला. सरांनी बघितला असता तर शाबासकी दिली असती. पण सर दात आवळून, डोळे वर फिरवून, सीटबेल्टमध्ये थडथडत होते.

फर्निचरवाला भांडायला म्हणून धावत आला. "माझा सोफा कोण भरून..." एवढ्यात त्याची नजर आत गेली. "अगं आई गं! फिट आली यांना. चमचा आणा, दातात चमचा घालतात!"

दुकानात कपाटं होती, पलंग होते, चमचा नव्हता. तो मापं घ्यायची लाकडी पट्टी घेऊन आला.

"तोंडात काही घालायचं नाही!" बाई कडाडल्या. "आमच्या शाळेत एका मुलीला येते. कुशीवर करा त्यांना, मान सांभाळा."

ज्या सोफ्याला धडकले त्याच सोफ्यावर सरांना आडवं केलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. ओठातून रक्त येत होतं. त्यांनी आधी आभाळाकडे, मग फर्निचरवाल्याच्या पट्टीकडे, मग बाईंकडे बघितलं.

"हँडब्रेक ओढलात का?"

"ओढला, सर," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. या वेळी सूर लागला नाही.

*

मेंदूच्या डॉक्टर वयाने तिशीच्या आसपास होत्या आणि सरांकडेच गाडी शिकलेल्या निघाल्या. हे कळल्यावर सरांच्या बायकोला फार धीर आला. सरांना आला नाही, कारण त्यांना डॉक्टरांचं रिव्हर्स आठवलं.

"सर, हे बघा." डॉक्टरांनी पडद्यावर सरांच्या डोक्याचा फोटो लावला. आत बरेच गोल ठिपके होते आणि काही ठिपक्यांत आणखी एक बारीक टिकली. "या अळ्या आहेत."

"कुठं?"

"तुमच्या मेंदूत."

सरांनी पडद्याकडे जरा आदराने पाहिलं. "जिवंत?"

"काही जिवंत आहेत. काही वर्षं असतील त्या तिथं, गुपचूप. ही एक मरायला टेकलीय, तिच्याभोवती सूज आलीय. फिट हिच्यामुळं आली."

"म्हणजे जिवंत असताना गप्प, आणि मरताना सगळ्या घराला वेठीला धरायचं. आमच्या एक आत्या..."

बायकोने कोपर मारलं.

डॉक्टरांनी समजावलं की डुकराचं मांस कच्चट राहिलं तर त्यातून माणसाच्या आतड्यात एक चपटा, लांबलचक जंत जातो. हे त्याचं पिल्लू.

बायको नवऱ्याकडे वळली. "कुठं खाल्लंत?"

"अगं, मी बाहेर चहा पीत नाही!"

हे खरं होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. सर घरच्या डब्याशिवाय काही तोंडात घालत नसत. ते सोवळे होते म्हणून नव्हे. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, एकामागून एक. पोट बिघडलं तर गाडी थांबवता येते, पण शिकाऊ माणसाला भर चौकात एकटं टाकून कुठे जाणार? सुरुवातीच्या वर्षांत एकदा तसा प्रसंग आला होता. तेव्हापासून घरचा डबा, घरचं पाणी. बैठ्या कामाने पोट साफ राहत नाही म्हणून बायको डब्यात रोज काकडी, गाजर, कोबी कच्चं चिरून द्यायची. सगळं ड्रायव्हिंग स्कूल तिच्या गाजरांच्या चकत्यांचं कौतुक करायचं, कारण त्या सगळ्या एका जाडीच्या असत.

"मांस सरांनी खाल्लेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या आता जरा जपून बोलत होत्या. "खाल्लं दुसऱ्या कुणीतरी. मोठा जंत त्या माणसाच्या पोटात. त्याला कळतही नाही बऱ्याचदा. पण संडासवाटे त्याची अंडी बाहेर पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. हात धुताना थोडं राहिलं तर ती हातावर येतात, हातावरून खाण्यात. आणि ते खाणं ज्याच्या पोटात जाईल त्याच्या रक्तातून या अळ्या डोक्यात चढतात. शिजवलेल्यात मरतात. कच्च्यात नाही मरत." त्या थांबल्या. "घरातल्या सगळ्यांची तपासणी करू या."

"घरात सगळे म्हणजे ही," सर म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले.

बाहेर बाकावर ती बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत बसली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी बघितलं होतं."

"काय?"

"पांढरं. नाडीचे तुकडे असतात ना, तसं. कधी दिसायचं, कधी नाही. किती महिने." तिचा आवाज खाली गेला. "लाज वाटली हो. आपला नेहमीचा डॉक्टर पुरुषमाणूस, त्याला काय सांगू? तुम्हाला तरी काय सांगू? म्हटलं, जाईल आपोआप."

मग तिच्या दादाच्या नव्या घराच्या अंगणात काही वर्षांपूर्वी झालेल्या मेजवानीची गोष्ट निघाली. निखाऱ्यांवर भाजलेलं डुकराचं मांस, बाहेरून काळं आणि आतून गुलाबी. दादाने आग्रह करकरून वाढलं होतं. सर गेले नव्हते. रविवारी शिकाऊ लोकांची गर्दी असते.

"म्हणजे खाल्लं तुझ्या दादाकडं आणि डोकं फिरलं माझं," सर म्हणाले. "लग्न झाल्यापासून असंच चाललंय."

एरवी तिने दंडावर चापट मारली असती. ती नुसती बघत राहिली.

तिच्या पोटात जंत सापडला. औषध देण्याआधी तिच्याही डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाल्या, "यांच्या डोक्यात काही नाही," आणि सर म्हणाले, "हे मी पहिल्यापासून सांगत होतो." त्यावरही ती हसली नाही. एका औषधाने तिचं सगळं निघून गेलं. तिला आधीही काही होत नव्हतं, नंतरही झालं नाही. दादाने तर दोनदा तपासणी करून घेतली. काहीच निघालं नाही. त्याने तसा फोन केला आणि फोनवर त्याचा आवाज जरा जास्तच निरोगी वाटला.

*

सरांना आधी सूज उतरवायची औषधं सुरू झाली, मग अळ्या मारायची, आणि फिटच्या गोळ्या. अळ्या एकेक करून मरत होत्या आणि जाता जाता गोंधळ घालत होत्या. औषधं चालू असतानाच दोन फिट आल्या. एक न्हाणीघरात, एक ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्यांवर, चार शिकाऊ लोकांसमोर. गोळ्यांनी तोंड गोल झालं. मालक म्हणाले, "तब्येत सुधारली की तुमची!"

मालक माणूस वाईट नव्हता. त्याने सरांना काढलं नाही, वर्गात बसवलं. फळ्यावर चिन्हं काढायची आणि समजावायची: हे प्रवेश बंद, हे वळण, हा चढ. लोक जांभया देत. गाडी शिकायला आलेल्या माणसाला चिन्हांत रस नसतो. त्याला वाटतं, गाडी आली की चिन्हं आपोआप कळतील. सरांच्या गाडीवर एक नवा मास्तर आला. तो ओरडायचा. "अहो काकू, आंधळ्या आहात का?" असं खिडकीतून ऐकू आलं की सरांचा हात फळ्यावर थांबायचा आणि प्रवेश बंदचा गोल अर्धाच राहायचा.

"मालक, तो माणसं घाबरवतो."

"सर, पण त्याला फिट येत नाही," मालक म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी सरांसाठी चहा मागवला. सरांनी तो हातात धरला आणि थंड होऊ दिला.

डॉक्टरांनी अट सांगितली होती. गोळ्या घेत राहायच्या, आणि पुरी दोन वर्षं एकही फिट आली नाही तर त्या गाडी चालवायची परवानगी लिहून देतील. "एकही म्हणजे एकही, सर. लहान असो, मोठी असो."

"लायसन्सच्या परीक्षेसारखं."

"त्याहून कडक. तिथं तुम्ही मला तिसऱ्या खेपेला पास करवलंत."

घरी बायकोने कच्चं द्यायचं बंद केलं. गाजर उकडायची, काकडीसुद्धा उकडायची. उकडलेली काकडी कशी लागते ते इथे लिहिण्यासारखं नाही. हातात रबराचे हातमोजे घालून ती कणीक मळायची. भांडी दोनदा, हात चारदा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या.

"अगं, आता तुझ्या पोटात काही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तेव्हाही मला वाटत होतं काही नाही."

एकदा सर स्वयंपाकघरात गेले, एक काकडी धुऊन तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "चीर. मला खायचीय. तुझ्या हातची." तिने सुरी उचलली, काकडीवर टेकवली आणि तशीच उभी राहिली. सरांनीच शेवटी सुरी घेतली. एक चकती जाड, एक पातळ. दोघांनी उभ्या उभ्या खाल्ली. म्हणजे सरांनी खाल्ली. तिच्या हातातला तुकडा नंतर खिडकीत सापडला.

पुढच्या फोटोत अळ्या दिसेनाशा झाल्या. काही विरून गेल्या होत्या, काहींचे मेंदूत चुन्याचे खडे झाले होते.

"हे काढता येणार नाहीत?" सरांनी विचारलं.

"नाही."

"विरघळतील?"

"नाही, सर. काही लोकांना यांचा काही त्रास होत नाही. काहींना होतो. कुणाला होईल, ते सांगता येत नाही."

"मग मी काय करायचं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोळ्या घ्यायच्या आणि वाट बघायची."

सरांनी वाट बघितली. त्यात ते तरबेज होते. माणूस दुसरा गिअर कधी टाकतो याची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फिट आली नाही. पुढचा उन्हाळा गेला, फिट आली नाही. दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं. मालकांनी नव्या मास्तराला दुसरी गाडी बघून देण्याची भाषा सुरू केली. बायकोने एकदा टीव्ही बघता बघता, स्वतःलाही न कळता, सरांच्या एका टोमण्यावर दंडावर चापट मारली. दोघांनाही ते कळलं. दोघंही टीव्हीच बघत राहिले.

दुसरं वर्ष संपत आलं. डॉक्टरांकडे जायला आठवडा राहिला होता. संध्याकाळी सर जेवताना मालकांची नक्कल करत होते. मालक फोनवर बोलताना उभे राहतात, समोरचा मोठा असेल तर वाकतात, हे दाखवायला ते ताटावर जरा वाकले.

आणि मग टीव्हीवर वेगळीच बातमी चालू होती. ताट बाजूला सरकलेलं. सदऱ्याची कॉलर ओली. बायको त्यांची हनुवटी पुसत होती आणि तिच्या हातात हातमोजे नव्हते.

"काय झालं?"

"काही नाही." ती पुसत राहिली. "डुलकी लागली तुम्हाला."

"जेवताना?"

"थकलात तुम्ही. दिवसभर उभं राहायचं फळ्यापाशी, माणूस थकणार नाही तर काय?"

सरांच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी बोटं उघडली, मिटली. जिभेवर खारट चव होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, कॉलरकडे बघत होती. कॉलर कधीच कोरडी झाली होती.

"बरं," सर म्हणाले.

त्या आठवड्यात घरात कुणी आजाराचं नाव काढलं नाही. तिने कपाटातून त्यांचा ड्रायव्हिंग स्कूलचा शर्ट काढला, धुतला, इस्त्री केला. खिशावरचं नाव उसवलं होतं, ते टाचलं. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तो पलंगावर मांडून ठेवला. सरांनी तो घातला. पोटावर जरा घट्ट झाला होता.

"वा, सर!" डॉक्टर म्हणाल्या. "आज मी तुम्हाला पास करणार." कागद आधीच काढून ठेवला होता. "नेहमीचेच प्रश्न. मधल्या काळात काही? हाताला मुंग्या, जीभ चावली जाणं, क्षणभर हरवल्यासारखं?"

"नाही," बायको म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली.

पेन कागदावर टेकलं.

"थांबा," सर म्हणाले. "आली होती. मागच्या आठवड्यात, जेवताना."

"अहो, डुलकी होती ती!" बायको खुर्चीतून अर्धी उठली. "मी समोर होते! मी बघितलंय!"

"हो, हिनं बघितलंय," सर म्हणाले. "हिनं तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी तिला पुन्हा विचारलं नाही. चूक माझी."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"सर, मग पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टर म्हणाल्या. "आणि खरं सांगू? दोन वर्षांनंतरही आली, याचा अर्थ ते खडे गप्प बसणार नाहीत. गोळी वाढवते मी. पण गाडीचं... मला नाही वाटत."

"कळलं." सर उठले. "तुम्ही रिव्हर्स आता नीट घेता का?"

"घेते, सर," डॉक्टर म्हणाल्या आणि खिडकीकडे बघू लागल्या.

*

पायऱ्या उतरून, फाटक ओलांडून, कोपऱ्यापर्यंत ती चार पावलं पुढे चालत राहिली. कोपऱ्यावर थांबली.

"कशाला बोललात?"

सर रस्त्याकडे बघत होते.

"माझ्या हातानं गेलं होतं तुमचं सगळं. एवढं एक माझ्या हातानं परत दिलं असतं मी तुम्हाला. तेवढंही घेतलं नाहीत."

सरांनी खिशावरचं टाचलेलं नाव अंगठ्याने दाबून सपाट केलं.

सिग्नल सुटला. दोघं पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडायला निघाले. तेवढ्यात चौकात वळणारी एक गाडी उचकी देऊन मधेच बंद पडली. दुसऱ्या कुठल्यातरी ड्रायव्हिंग स्कूलची होती. आत एक म्हातारे गृहस्थ चालवत होते, घामाघूम. शेजारचा मास्तर हातवारे करत होता. गाडी सुरू झाली, बंद पडली, सुरू झाली, बंद पडली. मागे बस, रिक्षा, दोन ट्रक. सगळ्यांनी एकदम हॉर्न धरले.

सर पट्ट्या सोडून चौकात शिरले. ते गाडीच्या मागे जाऊन बसच्या समोर उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, आणि त्यांनी उजवा हात वर केला. पंजा उघडा. बसचा ड्रायव्हर काहीतरी ओरडला. सरांनी हात खाली घेतला नाही. त्यांनी मागे वळून गाडीकडेही बघितलं नाही. ते फक्त ऐकत होते. इंजिन घुरघुरलं, मेलं. पुन्हा घुरघुरलं. क्लच कुणीतरी फार हळू सोडत होतं. गाडी थरथरली, हलली, आणि आतल्या म्हाताऱ्याला मागे कोण उभं आहे याचा पत्ताही न लागता, वळण घेऊन निघून गेली.

रस्ता मोकळा झाला. आता हॉर्न सरांसाठीच वाजत होते. ते हात वर करून तसेच उभे होते. बायको पट्ट्यांवरून परत आली, त्यांच्या शेजारी, बसच्या समोर उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "गेली ती गाडी."